घाटापलीकडचं विमान

२०१५च्या ऑगस्टमध्ये मी नाशिकहून गावी गेलो, तर जिभाऊंनी चहा विचारायच्या आधी आभाळ दाखवलं. आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. ओट्यावर बसून दक्षिणेला बघितलं की डोंगराची कड दिसते, तिच्यामागे मराठवाडा. त्या दिवशी कडेवर ढग होते, पण बुडाशी काळे पडलेले किंवा पाणी धरलेले नव्हते. उन्हात वाळत घातलेल्या पापडांसारखे हलके, कडा वळलेले. कपाशी गुडघ्याला आली होती आणि दुपारी पानं मिटून घेत होती.

"इमान उनं नि आम्हना ढग पयनात," जिभाऊ म्हणाले.

अहिराणी ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी: विमान आलं आणि आमचे ढग पळाले. विमान म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला सरकारनं आणलेलं, कृत्रिम पावसाचं. त्या महिन्यात पेपरात रोज त्याचाच फोटो असायचा. पंखांखाली ओळीनं लावलेली नळकांडी, शेजारी उभे राहून हसणारे अधिकारी. औतरम घाट चढून गेलं की दीड-दोन तासांत औरंगाबाद. तिथे ढगांवर काहीतरी फवारतात, त्यांचा पाऊस तिकडेच पाडून घेतात आणि आमच्याकडे येतात ते पिळून घेतलेले ढग, असा गावाचा हिशोब होता. पारावर, दूध डेअरीवर, बसमध्ये, सगळीकडे हेच. साक्रीकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा पाती ढग हाकलतात म्हणणारीही हीच मंडळी होती. मी हसलो, आणि ते जिभाऊंना आवडलं नाही.

जिभाऊ म्हणजे माझे मोठे काका. शिक्षण सातवी, पण पावसाच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिलेला नाही. अंगणात, तुळशीपासून लांब, जिथे पत्र्याची किंवा झाडाची पागोळी पडणार नाही अशा जागी, त्यांनी एका चिऱ्यावर डालड्याचा जुना डबा बसवलेला असे. वरचं झाकण कापून काढलेलं, बाजू सरळ उभ्या. डब्याचं तोंड आणि बूड एकाच मापाचं असलं पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो, हे त्यांना कृषी सहायकानं कधीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांनी गाठीला बांधलं. सकाळी आठ वाजता धोतराचा सोगा सावरत ते उकिडवे बसत, माझ्या शाळेतली पंधरा सेंटिमीटरची लाकडी पट्टी डब्यात उभी धरत आणि ओल कुठवर आली ते बघत. पट्टीच्या टोकाला शून्याआधी जो कोरा भाग असतो, तो त्यांनी कानशीनं घासून टाकला होता. मग आकडा वहीत. वही दूध डेअरीची, मागची पानं पावसाची. पाऊस नसला तरी तारीख लिहून पुढे शून्य. त्या ऑगस्टचं पान मी बघितलं. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं, मधे एक चार आणि एक सात.

त्या पानापुढे हसायला नको होतं.

नाशिकला परतल्यावर मी जरा वाचायला लागलो. हट्टानं म्हणा, जिभाऊंना उत्तर द्यायचं म्हणून म्हणा. ढग म्हणजे पाण्याचे इतके बारीक थेंब की ते खाली पडूच शकत नाहीत. पावसाचा एक थेंब व्हायला त्यातले साधारण दहा लाख एकत्र यावे लागतात. ते एकत्र येण्यासाठी कशावर तरी चिकटावे लागतात आणि ते 'कशावर तरी' पुरवायचं, एवढीच या विमानाची कामगिरी. ढगाचा माथा खूप उंच, तापमान शून्य अंशाच्या बरंच खाली असतं तिथे गेलेला असेल, तर तिथलं पाणी थंड होऊनही गोठलेलं नसतं. त्यात सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडतात. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असते, म्हणून पाणी फसतं आणि त्यावर गोठायला लागतं. ढग उबदार असेल तर बुडाशी मिठासारखे पाणी ओढून घेणारे क्षार सोडतात. पावसाळ्यात मीठदाणीतलं मीठ जसं ओलं होऊन बसतं, तसंच.

हे सुरू झालं १९४६ साली अमेरिकेत. व्हिन्सेंट शेफर नावाच्या माणसाला प्रयोगशाळेतला फ्रीझर पुरेसा गार वाटेना, म्हणून त्यानं आत सुक्या बर्फाचा तुकडा टाकला, तर त्याच्याच श्वासाच्या वाफेचे चकाकणारे स्फटिक तयार झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो विमानातून खऱ्या ढगावर सुका बर्फ टाकून आला. सिल्व्हर आयोडाइडची युक्ती बर्नार्ड व्होनेगट याची, तीही त्याच नोव्हेंबरातली. आपल्याकडे हे खूळ नवीन आहे असं मला वाटत होतं, तेही खोटं निघालं. टाटांनी १९५१ साली पश्चिम घाटात हा प्रयोग केला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या परिसरात विमानातून मीठ फवारून पाहिलं. २००३च्या दुष्काळात राज्य सरकारनं बारामती आणि शेगाव इथून विमानं उडवली. शेगाव काही आमच्या मुक्ताईनगरपासून लांब नाही. तेव्हा ढग चोरीला गेल्याची ओरड मी तरी ऐकली नव्हती. कदाचित तेव्हा हातात मोबाइल नव्हते म्हणून.

पुढच्या खेपेला मी जिभाऊंपुढे वाऱ्याचा मुद्दा मांडला. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. ढग येतात ते नांदगाव-मनमाडकडून. औरंगाबाद आपल्या आग्नेयेला. म्हणजे तिथल्या ढगावर काही केलं तर त्याचं बरंवाईट जालन्याच्या बाजूला जाणार. चोरी व्हायची तर चोर वरच्या अंगाला बसलेला हवा ना?

जिभाऊंनी बिडी विझवली. म्हणाले, "आणि वैजापूर?"

मला पटकन काही सुचेना. विमान काही औरंगाबाद शहरावरच घिरट्या घालत नव्हतं. वैजापूर-गंगापूरकडेही जात असणार. वैजापूर आमच्या नैऋत्येला आहे. म्हणजे वारा नैऋत्येचा असला तर चोर बरोबर जागेवर बसलेला.

यावर शास्त्राचं उत्तर आहे आणि मला ते पटतं. पण ते ओट्यावर बसून सांगणं अवघड जातं. पावसाळी ढग म्हणजे गोठ्यातून दावं सोडून नेलेली गाय नव्हे, जी वैजापुरात बांधून ठेवली नसती तर संध्याकाळी आमच्या दारात आली असती. तो एकीकडे तयार होत असतो, एकीकडे विरत असतो. उन्हानं फुगलेला एक सुटा ढग अर्धा-पाऊण तास जगला तर खूप. वारा ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा धरला तर तेवढ्या वेळात तो वीसेक किलोमीटर सरकेल. वैजापूर ते आमचं गाव सरळ रेषेत साठाच्या आसपास. वैजापूरचा ढग वैजापूर तालुक्यातच जन्माला येतो आणि तिथेच मरतो. आमच्यावरून जातो तो दुसराच असतो. शिवाय ढगाच्या आजूबाजूच्या हवेत, समुद्रावरून येणाऱ्या त्या अखंड लोंढ्यात जी वाफ असते, तिच्यापुढे एका सरीचं पाणी म्हणजे गिरणेतून भरलेली घागर.

सोलापूरचे आकडे तर उलटंच सांगतात. पुण्याच्याच संस्थेनं २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूरला मोठा प्रयोग केला. काही ढगांवर फवारलं, काही मुद्दाम तसेच सोडले आणि दोन्हींची तुलना केली. फवारलेल्या जागेच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो तिकडे, सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात, पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. मी परत वाचलं: वाऱ्याखालच्या बाजूला. म्हणजे फायदा झालाच तर शेजाऱ्यालाच व्हायचा. आणि त्या १८ टक्क्यांचं ओझं किती, ते मी डालड्याच्या डब्यात मोजून बघितलं. पाच मिलिमीटरची सर असेल तर वाढीव पाऊस एक मिलिमीटरपेक्षाही कमी, जिभाऊंच्या पट्टीवर एक रेघसुद्धा नाही. पाऊस शून्य असेल तर शून्याचे अठरा टक्के. ढगच नसताना विमान उडवणं म्हणजे विहीर कोरडी असताना मोटार बदलणं. आणि आपल्याकडे विमान येतं ते तेव्हाच. पिकं माना टाकतात, मोर्चे निघतात, मग टेंडर, मग परवानग्या, मग पेपरात फोटो. पाऊस वाढवायचं यंत्र आपण पाऊस नसतानाच मागवतो. त्याच प्रयोगाचा हिशोब लिटरमागे १८ पैसे असा निघाला होता. दहा हजार लिटरच्या टँकरला अठराशे रुपये. ऐकायला परवडतं. फक्त हा टँकर कोणाच्या दारात रिकामा होईल, ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं.

एवढं सगळं समजल्यावरही मला एक गोष्ट सोडत नव्हती. ढग चोरतात हे लोकांना इतकं सहज का पटतं? आमच्या घाटातच नाही, जगभर. चीनमध्ये हेनान प्रांतातल्या शहरांनी २००४ साली एकमेकांवर पाऊस अडवल्याचा आळ घेतला. इराणच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं २०१८ साली इस्रायल आमचे ढग चोरतो असं जाहीर सांगितलं आणि इराणच्याच हवामान खात्याच्या प्रमुखाला असं करता येत नाही म्हणून खुलासा करावा लागला. अमेरिकेत तर लोक कोर्टात गेले. न्यू यॉर्क शहरानं १९५० साली दुष्काळात कॅट्सकिल डोंगरातल्या आपल्या धरणांवर पाऊस पाडायला माणूस नेमला, तर तिथल्या एका रिसॉर्टवाल्यानं दावा लावला की पावसानं माझं गिऱ्हाईक पळेल. न्यायाधीशानं सांगितलं, ढगांवर आणि त्यांतल्या ओलाव्यावर तुमचा मालकी हक्क नाही. आठेक वर्षांनी टेक्सासात उलटा निकाल लागला. गारपीट थांबवायला फिरणारी विमानं आमचे ढगच मोडतात अशी तिथल्या पशुपालकांची तक्रार होती. कोर्ट म्हणालं, निसर्ग जो पाऊस देईल तो मिळण्याचा जमीनमालकाला हक्क आहे, आणि विमानांना मनाई केली. टेक्सासचा तो निकाल मी जिभाऊंना सांगितला, तेव्हा ते महिनाभर तो सगळ्यांना सांगत होते. न्यू यॉर्कचा मात्र सोयीनं विसरले.

मला वाटतं, पटतं याचं कारण जमिनीवर आहे.

मी नववीत असताना दिवाळीच्या सुटीत मामाकडे गेलो होतो. मामाची जमीन जामदा कालव्याच्या एका चारीवर, भडगाव तालुक्यात. गिरणेचं आवर्तन सुटलेलं, म्हणजे धरणातून कालव्याला पाणी सोडलेलं. मामाची बारी रात्री दोनची. आम्ही बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला गेलो. थंडी होती, पाय चिखलात. गव्हाच्या वाफ्यात पाणी शिरताना एक बारीक फसफस आवाज येतो. कोरडी ढेकळं पाणी पितात, तो. दोन वाफे भरले आणि तिसऱ्याच्या तोंडाशी आवाज बारीक झाला. मग थांबला. अंधारात पाणी दिसत नव्हतं, थांबलेलं फक्त कळलं.

मामा काही बोलला नाही. चारीच्या काठाकाठानं वर चालत गेला, मी मागे. तीन शेतं ओलांडल्यावर बॅटरीच्या उजेडात चारीत मातीनं भरलेलं पोतं दिसलं आणि काठावर एक माणूस बिडी ओढत बसलेला. "पाचच मिनिटं रे भाऊ," तो म्हणाला. मामा त्याच्या शेजारी बसला. त्यानंही बिडी पेटवली. पाच मिनिटांची वीस झाली. मग तो माणूस उठला, मामानं पोतं काढलं, आम्ही परत आलो. पाटकऱ्याकडे तक्रार कर म्हटलं, तर मामा नुसता हसला.

पुढचा भाग घरी कोणी सांगत नाही. पहाटे मामाची बारी संपली आणि त्यानंतर पाऊण तास आमचं दार उघडंच होतं. खालच्या शेतातला मुलगा फावडं घेऊन आला, काही न बोलता बांधावर उभा राहिला. मामा त्याला म्हणाला, "पाचच मिनिटं रे."

गिरणेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे वरच्यानं सोडलं तर मिळणारी वस्तू, हे कोणी शिकवावं लागत नाही. धरण नांदगाव तालुक्यात, लाभ आम्हाला, आणि त्याच्याही वर कळवण-बागलाणात चणकापूर, हरणबारी, केळझर. तिथे किती अडलं यावर आमचा गहू ठरतो. पेपरात आवर्तनाची बातमी आम्ही बाजारभावाआधी वाचतो. घाटावरच्यांचीही हीच रड. जायकवाडी भरत नाही, कारण नाशिक-नगरची धरणं पाणी धरून ठेवतात. त्यासाठी २००५चा कायदा झाला, प्राधिकरण बसलं, पाणी सोडायचे आदेश निघाले, आणि दर दुष्काळात पोलीस बंदोबस्तात पाणी सुटतं. म्हणजे घाटाच्या दोन्ही बाजूंना वरच्यावर संशय घेणारीच माणसं राहतात. दोघांच्या डोक्यावर एक विमान फिरलं, तर काय होणार? मी राहतो नाशकात. जिभाऊ त्यावरून टोमणा मारतातच: "तू ते आते वरना व्हयी गया." तू तर आता वरचा झालास.

आमच्याच भागात याचं दुसरं टोकही आहे. पांझरेवर धुळे-साक्रीकडे फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. लहान बंधारे, त्यांवरून निघालेले पाट, जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, आणि पाणी कमी असलं की कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाटकरी, जागल्या ही गावानं नेमलेली माणसं. तिथेही रात्री कोणी पोतं टाकत नसेल असं मी म्हणणार नाही. माणसंच ती. पण पोतं टाकणाऱ्याला सकाळी त्याच बैठकीत बसावं लागत असे. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून पाणी जमिनीत मुरवलं, तेही आमच्याच जिल्ह्याशेजारी. दोन्ही गोष्टींत विमान नाही, म्हणून फोटोही नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये विमान पुन्हा औरंगाबादला आलं. यावेळी जिभाऊंच्या वहीत शून्यं कमी होती. कळवण-सटाण्याकडे धो धो पाऊस झाला आणि बऱ्याच वर्षांनी गिरणा धरण काठोकाठ भरलं. लोक गाड्या करून सांडवा बघायला गेले, मामा नारळ घेऊन गेला. मी जिभाऊंना फोन केला. म्हटलं, विमान तर यंदाही आहे, मग हे पाणी त्यानंच दिलं म्हणायचं का? पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "ते देवानं दिलं." गेलं ते विमानानं नेलं, आलं ते देवानं दिलं. वाद संपला.

दोन वर्षांनी, ३० ऑगस्ट २०२१च्या रात्री, कन्नडच्या बाजूला डोंगरावर तुफान पाऊस झाला. ते घाटावरचं पाणी. पण सातमाळ्याच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब मराठवाड्यात जात नाही, तो खाली आमच्याकडे येतो. तितूर आणि डोंगरी नद्या पहाटे चाळीसगावात घुसल्या, दुकानं, घरं, बाजार पाण्याखाली. औतरम घाटात दरडी कोसळून रस्ता बंद. विमान त्या वर्षी नव्हतं. मी दोन दिवसांनी, रस्ता मिळेल तसा गावी पोहोचलो. गोठ्याची एक भिंत बसली होती, तीन शेळ्या गेल्या होत्या. कपाशी एका अंगाला झोपलेली, तिच्यावर गाळ आणि डोंगरावरून आलेला सागाचा पाला. कोणी कोणाला दोष देत नव्हतं. घाटावरच्यांनी एवढं पाणी पाठवलं कशाला, असं कोणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

अंगणातला चिरा जागेवर होता, त्यावर डबा नव्हता. तो नाल्याच्या काठी बाभळीत अडकलेला सापडला, एका बाजूनं चेपलेला, आत मुंग्या. जिभाऊंनी तो हातात फिरवून बघितला. तोंड आता लंबगोल झालं होतं.

"आते काय मोजू?" म्हणाले, आणि डबा माझ्याकडे दिला.

रात्री मी वही उघडली. पान ओलं होऊन वाळलेलं, शाई पसरलेली. तारखा ओळीनं, पुढे आकडे. ३१ ऑगस्टसमोर आकड्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: डबा वाहून गेला.